कासवं आपोआप बाजूला होत नाहीत
बंदरातला गाळ उपसताना आवाजानेच समुद्री कासवं दूर जातात, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. कासवं खोल जलमार्गाच्या तळाशी विसावतात; गार पाण्यात तर चिखलात अर्धवट रुतून सुस्त पडून राहतात. गाळ शोषणाऱ्या जहाजाच्या नळीचं तोंड तळावरून घासत येतं आणि त्यांना आत ओढतं. फ्लोरिडातल्या कॅनाव्हरल बंदरात १९८० साली अशीच कित्येक लॉगरहेड कासवं मेली.

म्हणून उपसा थांबवावाच लागतो असं नाही. नळीच्या तोंडापुढे नांगरासारखा पत्रा बसवला की तो वाळूचा ढीग ढकलत जातो आणि कासव बाजूला सरकतं. मात्र नळीचं तोंड तळाला टेकलेलं हवं, आणि ते उचलण्याआधी पंप बंद. माझ्या मते सर्वांत मोलाचं आहे ते वेळापत्रक: जलमार्गात कासवं कमी असतात त्याच महिन्यांत उपसा करायचा.