स्पॅनिश लॅव्हेंडर

स्पॅनिश लॅव्हेंडर हे तुळस आणि पुदिना यांच्याच कुलातील (लॅमिएसी) सुगंधी, सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला स्टीकस असे आहे. भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर ते मूळचे वाढते. ब्रिटनमध्ये याला फ्रेंच लॅव्हेंडर म्हणतात. मात्र त्याच नावाने दातेरी पानांची लॅव्हेंड्युला डेंटाटा ही निराळी जातीही विकली जात असल्यामुळे रोप घेताना शास्त्रीय नाव पाहून घेणे श्रेयस्कर ठरते.

झुडूप ३० ते १०० सेंमी. उंच होते. आखूड, चौकोनी कणिशावर गडद जांभळी, जवळजवळ काळपट, बारीक फुले दाटीने येतात आणि कणिशाच्या शेंड्यावर सशाच्या कानांसारखी जांभळी छदे (फुलांजवळची रंगीत, पानासारखी अंगे) उभी असतात. दुरून जी फुले वाटतात, ती खरे तर ही वंध्य छदेच होत. याच्या सुगंधी तेलात फेंकोन (कापरासारख्या वासाचे एक रसायन) आणि कापूर यांचे प्रमाण जास्त असल्याने वास उग्र व औषधी येतो. अत्तर किंवा खाद्यपदार्थ यांसाठी म्हणूनच सामान्य लॅव्हेंडर वापरतात. याची वाळलेली कणसे युनानी वैद्यकात ‘उस्तुखुद्दूस’ या नावाने प्रसिद्ध आहेत.

लागवडीत पहिला फरक जमिनीचा आहे. सामान्य लॅव्हेंडरला चुनखडीची जमीन मानवते, तर या जातीला किंचित आम्लधर्मी ते उदासीन, हलकी आणि निचऱ्याची जमीन लागते. महाराष्ट्रातील काळी माती बहुधा चुनायुक्त असते आणि पाणीही धरून ठेवते, त्यामुळे ती दोन्ही अंगांनी गैरसोयीची आहे. तांबड्या मातीत भरपूर जाड वाळू मिसळून रोप मातीच्या कुंडीत लावणे अधिक चांगले. शेणखत मात्र बेताचेच घालावे, कारण सुपीक मातीत पाला माजतो व फुले कमी येतात. दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून ती कोरडी असल्याची खात्री करावी. आपल्याकडे हे झाड थंडीने नव्हे, तर पावसाळ्यात मुळे कुजून मरते. म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उजेडाच्या व खेळत्या हवेच्या जागी ठेवावी.

पहिला बहर ओसरताच कणसे खालच्या पानांपर्यंत छाटल्यास पुन्हा फुले येतात. छाटणी हिरव्या भागातच करावी, कारण जुन्या लाकडातून नवे फुटवे क्वचितच निघतात. अभिवृद्धी न फुललेल्या कोवळ्या फांद्यांच्या छाट कलमांनी होते. बियांपासूनही रोपे होतात, इतकी की ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९२० पासून ही जाती उपद्रवी तण म्हणून घोषित आहे.