पार्श्वभूमी : कोऱ्या अग्रलेखाची जागा

आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपची चर्चा 'काय छापू दिले नाही' याभोवती फिरते. मग लिहायचे तरी कशावर, हा संपादकांपुढचा दुसरा प्रश्न मागे पडतो. अग्रलेखाचा स्तंभ रोज भरावा लागतो, आणि २६ जून १९७५ नंतर तो कसा भरायचा याचे उत्तर कोणाकडेच तयार नव्हते.

त्याआधीचे कायदे बहुतेक वेगळ्या रीतीने चालत. १९१० च्या प्रेस कायद्यात नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येई. मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त होई. १९०८ मध्ये पुण्यातल्या अग्रलेखांवर सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही ते प्रसिद्ध झाल्यावर. विषय संपादक निवडायचा आणि जोखीमही त्याचीच. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यात अनामत टाळण्यासाठी प्रूफ आधी दाखवण्याची वाट ठेवली होती, पण तो कायदा फार काळ टिकला नाही.

१९७५ मध्ये भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतील नियम ४८ खाली पूर्वतपासणी आली. मजकूर आधी दाखवायचा, अधिकाऱ्याने खोडलेल्या ओळी काढायच्या, मगच छापायचा. हातजुळणीच्या छापखान्यात, म्हणजे जिथे जुळारी शिशाची सुटी अक्षरे (खिळे) हाताने जुळवून पान तयार करतो तिथे, याचा अर्थ काय होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. चार ओळी काढल्या की तेवढी उंची भरून काढावीच लागते. नाहीतर पान चौकटीत घट्ट आवळले जात नाही, खिळे हलतात आणि छापताना ओळी सुटतात. फट लहान असेल तर ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून भागते. अर्धा स्तंभ गेला तर राखीव मजकूर लागतो. शेतीचा सल्ला, आरोग्य, प्रवासवर्णन असे काहीतरी आधीच जुळवून ठेवलेले असले तर पान वेळेवर सुटते. तेही नसेल तर खिळ्यांपेक्षा कमी उंचीचे ठोकळे बसवायचे. त्यांना शाई लागत नाही आणि कागद कोरा राहतो. थोडक्यात, कोरी जागासुद्धा जुळारीला हाताने बांधावी लागते.

म्हणूनच २८ जूनला काही इंग्रजी दैनिकांनी सोडलेला कोरा अग्रलेख ही पळवाट नव्हती, तो संपादकीय निर्णय होता. वाचकाला तो एका नजरेत कळला. तो सरकारलाही कळला, आणि जागा कोरी सोडू नये अशी सूचना निघाली. ही सूचना या सगळ्या इतिहासातली सर्वांत वादाची बाब आहे. नियम ४८ मजकुराबद्दल होता. देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था यांसाठी प्रकाशनावर नियंत्रण आणण्याचा तो अधिकार होता. कोऱ्या जागेत मजकूरच नाही, तर तपासायचे काय? गप्प राहणे हाच निषेध आहे, त्यामुळे सुव्यवस्थेला बाध येतो, असा बचाव करता येईल. पण तो टिकणारा नाही. न लिहिण्याची मोकळीक काढून घेतली की प्रत्येकाला कोणता ना कोणता विषय निवडणे भाग पडते, आणि निरुपद्रवी विषयाने भरलेला स्तंभ वाचकाला नेहमीसारखाच दिसतो. काही काढले गेले आहे याची खूणच राहत नाही. खोडलेल्या ओळींपेक्षा हे नुकसान मोठे होते.

काहींनी आडवाट काढली. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात लोकशाहीची निधनवार्ता छोट्या जाहिरातीच्या रूपाने छापून आली. एका अर्थविषयक साप्ताहिकाने पशुधनाच्या प्रश्नावर लेख दिला, त्याची सुरुवातच देशात ५८ कोटी मेंढ्या असल्याच्या वाक्याने होती. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण साठ कोटी होती. कोणी रवींद्रनाथांची कविता छापली; पुढे अशी अवतरणेही अडवली गेली. डिसेंबर १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री असताना अध्यक्षांनी आणीबाणीविरुद्ध उघड भूमिका घेतली. व्यासपीठावरच्या बोलण्याला पूर्वतपासणी नव्हती. वृत्तांताला होती. पुढच्या वर्षी अध्यक्षांना अटक झाली.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका इंग्रजी मासिकाच्या अडवलेल्या ११ मजकुरांबाबत सेन्सॉरच्या विरोधात निकाल दिला. सर्व नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे न्यायालयाने बजावले. आणीबाणी चालू असताना दिलेला हा निकाल आज जेवढा आठवला जायला हवा तेवढा आठवला जात नाही. आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनास प्रतिबंध करणारा कायदाही त्याच वर्षी झाला. १९७७ मध्ये सत्ताबदलानंतर तो रद्द झाला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून 'सशस्त्र बंड' असा शब्दप्रयोग आणला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. मे २०२२ मध्ये राजद्रोहाचे कलम १२४ अ स्थगित झाले, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लागू झाले. त्यात राजद्रोह हा शब्द नाही, पण 'सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे' या शब्दांची व्याप्ती मोठी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर 'खोटा' ठरवणाऱ्या सरकारी तथ्यतपासणी कक्षाची तरतूद रद्द केली. खोटे, बनावट, दिशाभूल करणारे या शब्दांची व्याख्या नियमात नव्हती, हा त्यातला एक मुद्दा होता.