बॉम्बर कमांडला पदकंच मिळाली नाहीत?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्बहल्ले करणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागातल्या, म्हणजे बॉम्बर कमांडमधल्या वैमानिकांना, तोफचींना एकही पदक मिळालं नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

शौर्यपदकं भरपूर मिळाली. सार्जंट नॉर्मन जॅक्सन लँकास्टर विमानात फ्लाइट इंजिनिअर होता. एप्रिल १९४४ मध्ये श्वाइनफुर्टवरच्या हल्ल्यात पंखाला आग लागली. तो अग्निशामक घेऊन उडत्या विमानाच्या पंखावर उतरला. पॅराशूट आतच अर्धवट उघडलेलं, त्याच्या दोऱ्या सहकाऱ्यांनी धरून ठेवलेल्या! तो भाजला, खाली पडला, युद्धकैदी झाला. १९४५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं.

सेवापदकंही होती. ५ जून १९४४ पर्यंतच्या मोहिमांसाठी 'एअरक्रू युरोप स्टार', त्यानंतरच्यांसाठी 'फ्रान्स अँड जर्मनी स्टार'.

मग गैरसमज आला कुठून? बॉम्बर कमांडचं म्हणून वेगळं मोहीमपदक कधीच काढलं गेलं नाही. प्रमुख आर्थर हॅरिस यांनी मागणी करूनही नाही. जमिनीवर विमानं सज्ज ठेवणाऱ्या मेकॅनिकांच्या वाट्याला तर बहुधा 'डिफेन्स मेडल' हे मायदेशातल्या संरक्षणसेवेचं साधं पदकच आलं, आणि हॅरिस यांचा खरा राग त्याचाच होता. मला तो रास्त वाटतो. आणि प्रत्यक्ष उडणाऱ्या सुमारे सव्वा लाख सैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले होते. '१९३९-४५ स्टार' या युद्धसेवेच्या पदकाच्या फितीवर लावायची 'बॉम्बर कमांड' पट्टी थेट २०१३ मध्ये आली, तोवर बहुतेक जण हयात नव्हते.