रेनबो पपई आणि डेनिस गोन्साल्विस

रिंगस्पॉट विषाणूला दाद न देणारा पपईचा जनुकीय सुधारित वाण. हवाई बेटांवरील शेतकऱ्यांना त्याचे बियाणे मे १९९८ मध्ये मोफत मिळाले. हवाईतच, कोहालाच्या ऊसमळ्यांच्या परिसरात वाढलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस या कामाचे प्रमुख.

हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. पाने पिवळी पडून आक्रसतात, फळांवर वलये उमटतात, झाड खुरटते. एकदा लागण झाली की उपाय नाही. याच रोगामुळे ओआहू बेटावरची लागवड मोडली आणि याच समूहातल्या ‘हवाई’ नावाच्या बेटाच्या पुना भागात गेली. तिथून सुमारे ३० किलोमीटरवरच्या हिलोत विषाणू होताच. तो आज ना उद्या पुनात शिरणार हे ओळखून, तिथल्या बागा निरोगी असतानाच, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गोन्साल्विस यांनी संशोधन सुरू केले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

आधी याच विषाणूचा सौम्य प्रकार टोचून झाडाचे रक्षण करण्याचा प्रयत्न झाला. पण काही वाणांवर त्या सौम्य विषाणूचीही लक्षणे उठत. मग विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिनाचे जनुक जीन गनने, म्हणजे जनुक लावलेले सूक्ष्म कण वेगाने पेशींत मारणाऱ्या यंत्राने, पपईच्या पेशींत घातले गेले. ते जनुक असलेले झाड विषाणूचा तोच आनुवंशिक संदेश ओळखून नष्ट करते. रिचर्ड मॅनशार्ट, मॉरीन फिच आणि जेरी स्लायटम या सहकारी संशोधकांचा यात मोठा वाटा होता. एप्रिल १९९२ मध्ये शेतचाचणी सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात पुनात विषाणू सापडला. १९९८पर्यंत तिथले उत्पादन निम्म्यावर आले होते.

मूळ सुधारित वाण ‘सनअप’ लाल गराचा. पुनाच्या शेतकऱ्यांना मात्र पिवळ्या गराची कापोहो पपई हवी होती. म्हणून दोघांच्या संकरातून रेनबो तयार झाला. बाजाराची आवड प्रयोगशाळेने इतक्या तत्परतेने मानावी, हे विरळाच.

२००२ मध्ये गोन्साल्विस हिलोतील अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्राचे संचालक झाले. जपानने ही पपई स्वीकारायला २०११ उजाडले. थायलंडमध्ये त्यांच्या सहकार्याने चाललेल्या कामाच्या शेतचाचण्या विरोधामुळे २००४ मध्ये थांबल्या.

रेनबोचे संरक्षण मुख्यतः हवाईतल्या विषाणूपुरते आहे. खानदेशातल्या पपई बागांनाही रिंगस्पॉटचा त्रास आहे. पण तिथे हेच बियाणे आणून भागणार नाही, स्थानिक विषाणूचेच जनुक घ्यावे लागेल. भारतात अशा पपईच्या लागवडीला अद्याप परवानगी नाही.