प्रमाणपत्रासाठी फोन करण्यापूर्वी

ऑनलाइन वैद्यकीय व वैज्ञानिक कॉन्फरन्सचे प्रतिनिधी, वक्ते आणि आयोजक यांच्यासाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

बडोद्यातील दांडिया बाजार भागात आमचे छोटेसे कार्यालय असून डॉक्टरांच्या सीएमई (निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम), वैद्यकीय संघटनांच्या वार्षिक कॉन्फरन्स आणि विज्ञान शाखेतील चर्चासत्रे यांची ऑनलाइन व्यवस्था आम्ही पाहतो. २०२०च्या मार्चपर्यंत सभागृहात प्रोजेक्टर, पडदा आणि माइक लावून देणे एवढाच आमचा व्यवसाय होता. टाळेबंदीत सभागृहे बंद झाली, जुने ग्राहक झूमबद्दल विचारू लागले आणि तेव्हापासून हे काम वाढत गेले. कॉन्फरन्स संपल्यानंतरचे चार-पाच दिवस आमचा फोन सतत वाजत असतो आणि बहुतेकांची तक्रार एकच असते : "मी दोन्ही दिवस पूर्ण वेळ बसलो होतो, तरी माझे प्रमाणपत्र आले नाही." तक्रार करणारे डॉक्टर खरे बोलत आहेत, याबद्दल आम्हाला शंका नसते. ते खरोखरच बसलेले असतात, परंतु हजेरीच्या अहवालात त्यांचे नाव सापडत नाही. असे का घडते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

शब्दांविषयी एक खुलासा. मराठीत कॉन्फरन्सलाही परिषद म्हणतात आणि डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या मेडिकल कौन्सिललाही परिषदच म्हणतात. प्रमाणपत्राच्या विषयात या दोहोंची गल्लत झाली तर अर्थाचा अनर्थ होईल, म्हणून येथे रूढ इंग्रजी शब्दच ठेवले आहेत. भाषेविषयी काटेकोर असलेल्या ग्राहकांनी क्षमा करावी.

लिंक आपल्या एकट्याची असते

नोंदणी पूर्ण झाली की आपल्याला ईमेलने एक लिंक येते. ती आपण दिलेल्या ईमेल पत्त्याशी जोडलेली असते, आणि तिच्यावरून आपण आत आलात की अहवालात आपल्या नावाची एक ओळ तयार होते. त्या ओळीत नाव, ईमेल, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि एकूण मिनिटे असतात. प्रमाणपत्र तयार करताना आमच्यासमोर ही ओळ असते, आपला चेहरा नसतो. वेबिनार पद्धतीच्या कार्यक्रमात तर श्रोत्यांचे कॅमेरे बंदच असतात, त्यामुळे "मी पडद्यावर दिसत होतो" असे सांगण्याचीही सोय राहत नाही.

आपली लिंक दुसऱ्याला पाठवणे, किंवा दुसऱ्याने पाठवलेल्या लिंकवरून आत येणे, ही एकच चूक आमचे आणि आपले सर्वांत जास्त दिवस खाते. ती बहुधा चांगुलपणातून घडते. विभागप्रमुख स्वतःची लिंक विभागाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकतात आणि खाली लिहितात, "सर्वांनी अवश्य जॉइन व्हावे." निवासी डॉक्टर तत्पर असतात, सकाळचे सत्र सुरू होण्यापूर्वीच एखादा त्या लिंकवरून आत येतो आणि अहवालात विभागप्रमुखांची हजेरी लागते. एका लिंकवर एका वेळी एकच यंत्र चालेल अशी व्यवस्था आम्ही ठेवत असल्यामुळे नंतर विभागप्रमुख स्वतः येतात तेव्हा दोघांपैकी एकालाच आत राहता येते, आणि मग आमच्या मदत-क्रमांकावर फोन येतो की आपली यंत्रणा बिघडली आहे. ज्या निवासी डॉक्टरांनी दिवसभर ऐकले त्यांच्या नावाने मात्र एकही मिनिट जमा होत नाही. नोंदणी विनामूल्य असतानाही असे घडते, कारण अर्ज भरण्यापेक्षा आलेली लिंक दाबणे सोपे वाटते. अर्ज भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. नंतर हजेरी शोधायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी अधिक असतो.

याच चुकीचा दुसरा प्रकार लहान सीएमईमध्ये दिसतो. काही आयोजक सोयीसाठी वैयक्तिक नोंदणी न ठेवता मीटिंगचा आयडी आणि पासकोड निमंत्रणावरच छापतात. अशा वेळी ईमेलची नोंद मिळेलच असे नसते आणि नाव म्हणून यंत्रात जे आधीपासून भरलेले असेल ते येते. आमच्याकडील अहवालांत 'आयफोन', 'गॅलेक्सी टॅब' आणि 'मम्मी' या नावांनी कित्येक डॉक्टर बसलेले आहेत. एकदा 'आर्यन ७ ब' या नावाने कोणीतरी हृदयरोगाच्या सत्रात दोन तास चिकाटीने बसून राहिले होते. मुलाच्या ऑनलाइन शाळेच्या वेळचे नाव टॅबमध्ये तसेच राहिले होते, हे त्याच्या आईचा फोन आल्यावर कळले. त्यांचे प्रमाणपत्र आम्ही दिले, परंतु त्याआधी आयोजकांची लेखी संमती घ्यावी लागली आणि त्यात आठवडा गेला.

तिसरा प्रकार रुग्णालयातील सेमिनार रूमचा. पाच-सहा डॉक्टर एका लॅपटॉपसमोर बसतात, चर्चाही उत्तम होते, आणि हजेरी एकाचीच लागते. यावर साधा उपाय आहे. भिंतीवरील पडद्यासाठी एकाच लॅपटॉपचा आवाज सुरू ठेवावा आणि बाकीच्यांनी आपापल्या मोबाइलवर आपापल्या लिंकवरून आत येऊन ऑडिओ जोडूच नये. आवाज घुमत नाही, आणि ऑडिओ जोडला नसला तरी मिनिटे मोजली जातात.

वीज गेली किंवा नेट तुटले तर

येथे घाबरण्याचे कारण नाही. आपण तीनदा बाहेर फेकले गेलात आणि तीनदा त्याच लिंकवरून परत आलात, तर अहवालात चार ओळी येतात आणि ईमेल एकच असल्यामुळे आम्ही त्यांची मिनिटे एकत्र करतो. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला पूर आला आणि शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती, तेव्हाही मोबाइलच्या डेटावरून तुकड्या-तुकड्यांनी बसलेल्या प्रतिनिधींची हजेरी अशीच जुळवता आली. लॅपटॉप बंद पडला म्हणून मोबाइलवर यावे लागले तर तीच लिंक मोबाइलवर उघडावी. शेजारच्या सहकाऱ्याकडून लिंक मागवून घेऊ नये. एका लिंकवर एका वेळी एकच यंत्र चालत असले, तरी यंत्र बदलताना दोन यंत्रांच्या वेळा एकमेकींवर चढल्या असतील तर तो वेळ एकदाच धरला जातो, त्यामुळे दोन यंत्रे लावून तास दुप्पट होत नाहीत. हे लिहिण्याची वेळ आमच्यावर आली आहे, एवढेच सांगतो.

आम्ही इतके काटेकोर का

"सभागृहातल्या कॉन्फरन्समध्ये सही करून लोक बाजारात जात होते, तेव्हा मिनिटे कोण मोजत होते?" असे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला सुनावले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ते लोक आम्हीही प्रोजेक्टरमागे उभे राहून पाहिले आहेत. परंतु तेथे निदान सहीचा कागद होता. ऑनलाइन कार्यक्रमात तसा कागद नसल्यामुळे अहवालातील ओळ हाच एकमेव पुरावा उरतो, आणि यादी आमच्याकडून आयोजकांकडे व त्यांच्याकडून मेडिकल कौन्सिलकडे गेल्यावर कोणी विचारणा केली तर आम्हाला तोच दाखवावा लागतो. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२च्या नियमांत दर ५ वर्षांत किमान ३० तास सीएमईमध्ये भाग घ्यावा असे म्हटले आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले, त्यामुळे २००२चे नियम पुन्हा लागू झाले. ज्या प्रमाणपत्रावर तास लिहिलेले आहेत ते तोंडी शब्दावर देणे आम्हाला योग्य वाटत नाही. क्रेडिट, म्हणजे सीएमईच्या तासांचे गुण, मंजूर करणे हे कौन्सिलचे काम आहे, त्यासाठी अर्ज करणे आयोजकांचे, आणि आमच्याकडे फक्त हजेरीचा हिशेब असतो. किती टक्के वेळ बसल्यास प्रमाणपत्र द्यायचे ही मर्यादाही आयोजक ठरवतात आणि आम्ही ती नोंदणीच्या अर्जावरच छापतो.

सत्राच्या मध्येच पडद्यावर येणाऱ्या एक-दोन प्रश्नांबद्दल काहींची नाराजी आहे. उत्तर बरोबर की चूक हे आम्ही पाहत नाही; कोणीतरी समोर आहे एवढेच त्यातून कळते. नोंदणी केलेल्या सर्वांना एका झटक्यात प्रमाणपत्रे पाठवून देणारी सेवा बाजारात आमच्यापेक्षा स्वस्त मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे एकदा आलेल्या बहुतेक संघटना पुढच्या वर्षी पुन्हा येतात, यावरून काय ते समजावे.

नाव कसे लिहावे

अर्जात नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत जसे आहे तसेच लिहावे, आणि नोंदणी क्रमांकासोबत राज्याच्या कौन्सिलचे नावही द्यावे, कारण आमच्या कार्यक्रमांना गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश येथील डॉक्टर एकत्र असतात. विवाहानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टर भगिनींची येथे विशेष अडचण होते. दवाखान्याच्या पाटीवर एक आडनाव आणि कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचे, असे असेल तर प्रमाणपत्रावर नोंदणीतलेच हवे. गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत असल्यामुळे आमच्या अर्जात आडनाव, नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव यांसाठी वेगळे रकाने ठेवले आहेत. नावाच्या रकान्यात 'डॉ.' लिहू नये. ते आम्ही छापतोच, आणि आपणही लिहिले तर प्रमाणपत्रावर 'डॉ. डॉ.' असे येते, जे भिंतीवर लावण्यासारखे दिसत नाही.

पेपर आणि पोस्टर सादर करणाऱ्यांसाठी

सादरीकरणाचे प्रमाणपत्र हजेरीच्या प्रमाणपत्राहून वेगळे असते आणि ते प्रत्यक्ष सादर करणाऱ्याला मिळते. एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना अभ्यासक्रमाच्या अटींसाठी त्याची गरज पडते. पीएचडीच्या बाबतीत यूजीसीच्या २०१६च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी कॉन्फरन्समध्ये दोन सादरीकरणे आवश्यक होती. २०२२च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही, तरीही मार्गदर्शक ती करून घेतातच आणि मुलाखतीत प्रमाणपत्राचा उपयोग होतो. अशा वेळी विद्यार्थी मार्गदर्शकांच्या केबिनमध्ये, मार्गदर्शकांच्या लॅपटॉपवरून, मार्गदर्शकांच्या लिंकने पेपर वाचतो, आणि आमच्या अहवालाप्रमाणे पेपर मार्गदर्शकांनी वाचलेला असतो. लॅपटॉप कोणाचाही चालेल. लिंक विद्यार्थ्याचीच असावी.

स्लाइडमध्ये व्हिडिओ असेल, विशेषतः शस्त्रक्रियेचा, तर स्क्रीन शेअर करताना आवाज पाठवण्याचा आणि व्हिडिओसाठी अनुकूल करण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडावे लागतात. ते विसरल्यास श्रोत्यांना थांबत थांबत सरकणारी मूक चित्रे दिसतात. रुग्णाचा चेहरा, नाव किंवा केस-पेपरचा क्रमांक स्लाइडवर राहिलेला नाही ना, हे पाठवण्यापूर्वी पाहावे. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या चित्रांत नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते आणि मोठ्या पडद्यावर ते सर्वांना वाचता येते. आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ते ७ आम्ही सरावासाठी खोली उघडी ठेवतो. तिचे वेगळे शुल्क नाही आणि तरीही ती बहुधा रिकामी असते.

आयोजकांना विनंती

प्रतिनिधींची यादी निदान आठ दिवस आधी बंद करावी. शेवटच्या रात्री आलेल्या नावांची लिंक आम्ही तयार करतो, पण ती ईमेलच्या स्पॅममध्ये जाऊन पडली तर सकाळी ती शोधून द्यायला आमची दोन माणसे अडकतात. निमंत्रणावर कॉन्फरन्सची सामाईक लिंक छापू नये. त्याऐवजी नोंदणीच्या अर्जाचा क्यूआर कोड छापावा. परदेशी वक्ते असतील तर मार्चमध्ये जास्त सावध राहावे, कारण अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपातील शेवटच्या रविवारी; आपल्याकडे वेळ बदलत नसल्यामुळे न्यूयॉर्कशी असलेला साडेदहा तासांचा फरक साडेनऊ होतो आणि लंडनशी असलेला साडेपाचाचा फरक त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी साडेचार होतो. आम्ही प्रत्येक वक्त्याच्या पत्रात त्याच्या गावची वेळही लिहितो. १४ आणि १५ जानेवारीस कार्यक्रम ठेवू नये, हे बडोदेकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या आयोजकांसाठी सांगतो : त्या दोन दिवशी शहर गच्चीवर असते आणि पतंगांच्या मांजात केबलही सापडतात.

लहान संघटनांच्या मासिक सभांसाठी आमचा अर्ध्या दिवसाचा वेगळा दर आहे आणि त्यात वैयक्तिक लिंक, हजेरीचा अहवाल व प्रमाणपत्रे हे सर्व येते. नोंदणीचा अर्ज गुजराती, हिंदी, मराठी किंवा इंग्रजीत करून मिळतो.

दुरुस्ती हवी असल्यास

प्रमाणपत्रे पाठवल्यापासून सात दिवस दुरुस्ती विनामूल्य केली जाते. त्यासाठी नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच लिहावे आणि कौन्सिलच्या नोंदणीपत्राचा फोटो जोडावा. हजेरीच सापडत नसेल तर आपण कोणत्या यंत्रावरून, साधारण किती वाजता आणि कोणाच्या लिंकवरून आत आला होतात हे स्पष्ट लिहावे. दुसऱ्याच्या लिंकवरून आला असाल तर तेही लपवू नये, कारण ते कळले तरच आम्ही ती ओळ शोधून आयोजकांपुढे ठेवू शकतो. फोनवर नावाचे स्पेलिंग घेणे आम्ही बंद केले आहे, कारण 'वैद्य' हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते आणि आम्ही आजवर ते चारही प्रकारे चुकवून पाहिले आहे.