पेडल लुसलुशीत लागणे आणि पेडल खाली बसत जाणे

ट्रकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा भाग) बदलल्यावर ब्रेक पेडल मनासारखे लागले नाही, की ‘अजून हवा राहिली असेल’ असे म्हणून बहुतेक जण पुन्हा चाकांजवळचे निपल (हवा बाहेर सोडण्याचे छोटे स्क्रू) सैल करायला बसतात. कधी ते खरेही असते. पण सिलिंडरच्या आतला, पिस्टनवर बसून तेल अडवणारा रबरी कप नीट बसलेला नसेल, तर कितीही ब्रेक ऑइल घालवले तरी पेडल सुधारत नाही. घाईत पायाला दोन्ही दोष सारखेच भासत असल्यामुळे हा घोटाळा होतो. (येथे विचार तेलावर चालणाऱ्या ब्रेकचा आहे. अवजड ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये हवा हीच कामाची असते. इथे मात्र ती घुसखोर असते.)

तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. त्यामुळे पाइपात बुडबुडा अडकला असेल, तर पेडलचा बराच प्रवास त्याला आवळण्यातच खर्च होतो आणि पायाखाली स्प्रिंग असल्यासारखे वाटते. लागोपाठ तीन-चार वेळा पेडल मारल्यास ते वर येते व थोडे घट्टही होते. मुख्य खूण अशी, की दाब धरून ठेवला तर पेडल लुसलुशीतच राहते, पण जिथे थांबले तिथून हलत नाही.

कप दाब धरत नसेल तर चित्र उलटे दिसते. पेडल सुरुवातीला उंचावर आणि चांगले घट्ट लागते. मात्र त्यावर हलका, सततचा दाब ठेवला की ते हळूहळू खाली बसत जाते. तेल कपाच्या कडेने मागे सरकून ब्रेक ऑइलच्या टाकीतच परतते, म्हणून बाहेर कुठे ओल दिसत नाही आणि टाकीतील पातळीही उतरत नाही. पातळी उतरत असेल, तर बाहेरची गळती आधी शोधावी. ही चाचणी करताना पेडलवर जोर लावणे ही नेहमीची चूक होय. दाब वाढला की कपाची कड भिंतीला घट्ट चिकटते आणि दोष लपतो. इंजिन सुरू करताना दाबलेले पेडल किंचित खाली जाऊन थांबते, ते बूस्टरचे (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचे) काम असते, दोष नव्हे. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्याला उंच व टणक लागणारे पेडल बहुधा चाकाचा ड्रम आणि त्यावर घासून ब्रेक लावणारा लायनर यांमधील वाढलेल्या अंतराकडे बोट दाखवते.

तरीही शंका राहिली, तर सिलिंडरला जोडलेले पाइप काढून ती तोंडे योग्य आट्यांच्या प्लगने बंद करावीत व पेडल दाबावे. ते दगडासारखे टणक लागले तर सिलिंडर ठीक आहे आणि हवा पुढच्या पाइपांत आहे. ते खाली बसत गेले तर कपच दोषी आहे. लुसलुशीत लागले तर हवा सिलिंडरच्या पोटातच आहे, आणि ती चाकांच्या निपलमधून निघता निघत नाही. विशेषतः सिलिंडर तिरका बसवलेला असेल आणि त्याचे एक टोक उंच असेल तेव्हा.

म्हणूनच नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी व्हाइसमध्ये आडवा धरून त्याची हवा काढतात. दोन्ही तोंडांना लहान नळ्या लावून त्यांची टोके टाकीतील तेलात बुडवायची आणि पिस्टन सावकाश ढकलायचा. आधी पांढरट, फेसाळ तेल येते, मग मोठे बुडबुडे येतात आणि शेवटी टाचणीच्या डोक्याएवढे एखाददुसरे. घाई केली तर मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक फेसात रूपांतर होते आणि तो निवळायला वाट पाहावी लागते. त्यानंतर चाकांची हवा कंपनीने दिलेल्या क्रमाने काढावी. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, हवा शिरली असेल, तर पुष्कळ गाड्यांत त्यासाठी गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो.

जुन्याच सिलिंडरात नुसते रबरी किट बदलले असेल, तर हवा काढण्याच्या कामातूनच दुसरा दोष उद्भवू शकतो. एरवी कप जिथपर्यंत जात नाही तो भाग गंजलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावर कपाची नवी कड त्यावर घासून फाटते. अशा वेळी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून प्रवास आखूड करावा. सुटे भाग डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नयेत, कारण त्यांनी कप फुगतो. धुण्यासाठी ब्रेक ऑइलच वापरावे.