'तुरळक ठिकाणी' म्हणजे 'हलका' नव्हे

ऑक्टोबर लागला की येत्या आठवड्याच्या अंदाजात एक ओळ हमखास असते: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता'. आणि दरवर्षी बातमीत येईपर्यंत त्यातला 'ठिकाणी' गळतो. मथळा होतो 'तुरळक पावसाची शक्यता'. वाचणाऱ्याला वाटतं, चार थेंब येतील आणि जातील. या गळलेल्या शब्दापायी हाताशी आलेलं पीक भिजताना मी पाहिलंय, म्हणून हे लिहितोय.

'हलका' सगळ्यांना कळतो. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत पडला तर हवामान विभागाच्या भाषेत हलका. त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. हे झालं पाणी किती पडेल त्याचं माप.

'तुरळक ठिकाणी' हे पाण्याचं माप नाहीच, ते जागेचं आहे. त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', त्याहून जास्त म्हणजे 'बहुतांश ठिकाणी'. ज्या थोड्या गावांत पडेल तिथे किती कोसळेल, याबद्दल हे शब्द काहीच सांगत नाहीत. म्हणून तर अंदाजात 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं लिहिलेलं असतं आणि ते अगदी बरोबर असतं. आणि मुसळधार म्हणजे किती, तर ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर अडीच लाख लिटरहून जास्त पाणी टाकतो.

जुलैत हा घोळ फारसा नडत नाही, कारण तेव्हा ढगांची चादर जिल्हेच्या जिल्हे व्यापून असते. परतीच्या दिवसांत तसं नसतं. जमिनीत ओल असते, वरून ऊन चटका देतं, तापलेली दमट हवा सरळ वर चढते. दुपारी एखादा ढग फुलकोबीसारखा फुगत उभा राहतो आणि संध्याकाळी तासाभरात रिकामा होतो. त्याचा घेर काही किलोमीटरांचा. अहिल्यानगरसारखा जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरांचा. त्यात तो ढग नेमका कुणाच्या शिवारावर उभा राहील, हे चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी लातूरकडे मामांच्या शेतावर होतो. सोयाबीन कापून गंजी लावलेली. मामा म्हणाले, "तुरळक म्हनलंय, ताडपत्री कशाला काढायची?" संध्याकाळी पाऊण तास असा ओतला की गंजीखालून पाणी वाहायला लागलं. पाऊस उघडल्यावर ओढ्यापलीकडे गेलो, तर गाडीवाटेवर धूळ उडत होती. त्या शिवारात थेंब नव्हता. मळणीला गंजी उकलली तेव्हा खालच्या थरातल्या शेंगांना कोंब फुटले होते. अंदाज शब्दशः खरा ठरला होता. वाचला मात्र चुकीचा गेला.

बाकीचे गोंधळ त्यामानाने किरकोळ. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. मोबाइलवर दिसणारे '४० टक्के' ही पाऊस येण्याची शक्यता, पावसाचा जोर नव्हे. आणि मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, तेव्हा सप्टेंबरअखेरच्या पावसाला कृपया 'अवकाळी' म्हणू नका. हस्ताचा पाऊस हा वेळेवर आलेला पाऊस आहे.

बातमी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जागा वाचवायची तर दुसरा कुठलाही शब्द गाळा, 'ठिकाणी' गाळू नका. वाचणाऱ्यांनी अंदाजात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्यात, कुठे-कुठे पडेल आणि किती पडेल. दुसरी दिलेलीच नसेल तर ती 'हलका' अशी मनाने भरू नये. आठवड्याच्या अंदाजावरून कापणीचा दिवस ठरवा, पण दुपारनंतर हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशारा पाहत चला. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्या. आणि ताडपत्री गोठ्यात नको, गंजीजवळच ठेवा.